दोस्ताला गाडी द्यावी का? द्यावी, पण अमानत म्हणून

मुलचेरा तालुक्यात ज्यांच्या घरासमोर चारचाकी उभी आहे, अशा आपल्या व्यापारी बांधवांना वर्षातून अनेकदा एकाच प्रश्नाला सामोरे जावे लागते. लग्नसराई सुरू झाली, नागपूरच्या ताजबागला उर्स भरला, मार्कंड्याची यात्रा आली किंवा कोणाच्या घरी पाहुणे उतरले की दारात दोस्त येऊन उभा राहतो. "भाई, दोन दिवस गाडी पाहिजे होती." हो म्हणावे तर मनात धाकधूक, नाही म्हणावे तर आयुष्यभराचे संबंध बिघडण्याची भीती. बहुतेक जण काही न बोलता किल्ली काढून देतात आणि गाडी परत येईपर्यंत झोपत नाहीत.

परदेशात स्वयंपाकाची व झोपण्याची सोय असलेल्या 'कॅम्परव्हॅन' नावाच्या गाड्या अनेकांकडे असतात आणि त्या मित्रांना सुट्टीसाठी द्याव्यात की नाही, यावर तिथेही वाद होतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले असले तरी आपल्या भागात अशी गाडी विरळाच. आपल्याकडे तिचे काम बोलेरो, ट्रॅक्स, ओम्नी किंवा ईको करते. मागच्या सीटवर गाद्या, पायाशी डेगची आणि पाण्याचा कॅन, टपावर सामान आणि आत आठ-दहा माणसे. गाडी वेगळी असली तरी प्रश्न तोच आहे. आम्ही या पानावर तो व्यापाराच्या, कायद्याच्या आणि दीनच्या अशा तिन्ही बाजूंनी मांडत आहोत.

गाडी म्हणजे दुकानाचे भांडवल

शहरातील नोकरदाराची गाडी ही सोयीची वस्तू असते. मुलचेऱ्याच्या किराणावाल्याची, कापडवाल्याची किंवा धान्य व्यापाऱ्याची गाडी ही त्याच्या धंद्याचा भाग असते. याच गाडीतून तो आठवडी बाजार करतो, आष्टी, चामोर्शी, आलापल्लीहून माल आणतो. एस. टी.च्या फेऱ्या मोजक्या असलेल्या भागात गाडी दारात नसली की त्या दिवसाचा बाजार बुडाला असे समजावे. म्हणून गाडी मागणारा दोस्त वस्तुतः तुमचे भांडवल दोन दिवसांसाठी मागत असतो.

याचा साधा हिशेब मांडू. समजा, गाडीचे चार टायर २४ हजार रुपयांचे असून ते ४० हजार किलोमीटर चालतात. म्हणजे किलोमीटरला ६० पैसे झाले. समजा, दर १० हजार किलोमीटरला ऑइल व सर्व्हिसिंगचा ६ हजार खर्च येतो. हेही ६० पैसे झाले. दोस्ताने टाकी पूर्ण भरून परत दिली तरी ५०० किलोमीटरच्या प्रवासात मालकाचे ६०० रुपये झिजले. याशिवाय बुडालेला बाजार वेगळा. आकडे प्रत्येकाच्या गाडीप्रमाणे बदलतील, पण हिशेबाची रीत हीच राहील.

हा हिशेब दोस्ताला ऐकवण्यासाठी नाही. तो मालकाने स्वतःसाठी करावा. ६०० रुपये आणि एक बाजार ही आपल्याकडून मदत आहे, असे ठरवून जो देतो तो नंतर कुढत नाही. जो हिशेब न करता देतो, तोच पुढे चार माणसांत दोस्ताची निंदा करतो.

दीन काय सांगतो

एखादी वस्तू मोबदला न घेता केवळ वापरासाठी देण्याला फिकहच्या भाषेत 'आरियत' म्हणतात. हा नेकीचा व्यवहार आहे. पवित्र कुरआनातील सूरह माऊनमध्ये दैनंदिन वापराच्या साध्या वस्तू नाकारणाऱ्यांचा निषेध आहे. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी त्याचा अर्थ सांगताना बादली, हंडी, कुऱ्हाड अशा वस्तूंचा उल्लेख केला आहे. मदीनेत एकदा रात्री शत्रू आल्याची आवई उठली तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अबू तलहा (रजि.) यांचा 'मंदूब' नावाचा घोडा मागून घेतला आणि त्यावर स्वार होऊन ते पाहणीस गेले, असे सहीह बुखारीत नमूद आहे. म्हणजे वाहन मागणे आणि वाहन देणे या दोन्ही गोष्टी सुन्नतने परिचित आहेत.

परंतु आरियतची दुसरी बाजू जबाबदारीची आहे. हिजरी सन ८ मध्ये हुनैनच्या मोहिमेपूर्वी प्रेषितांनी (स.) सफवान बिन उमय्या यांच्याकडून चिलखते घेतली. सफवान त्या वेळी मुसलमान झालेले नव्हते. ही जबरदस्तीने घेतली जात आहेत काय, असे त्यांनी विचारले असता, नाही, ही परतीच्या हमीवर घेतलेली आरियत आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. त्यांपैकी काही हरवली तेव्हा प्रेषितांनी (स.) भरपाई देऊ केली, अशीही रिवायत आहे. ज्यांच्या शब्दावर अवघ्या अरबस्तानचा विश्वास होता, त्यांनी हमी मागणाऱ्याचा राग धरला नाही. मग आपल्या दोस्ताने लायसन्स विचारले म्हणून आपण का रुसावे?

नुकसानीच्या बाबतीत इमामांमध्ये मतभेद आहे. विदर्भात बहुसंख्य लोक पाळतात त्या हनफी मताप्रमाणे घेतलेली वस्तू घेणाऱ्याच्या हाती अमानत असते. त्याने हयगय किंवा मर्यादेचे उल्लंघन केले नसेल तर त्याच्यावर भरपाई येत नाही. कोकणातील आपले बांधव पाळतात त्या शाफई मताप्रमाणे, तसेच हंबली मताप्रमाणे, घेणारा भरपाईस जबाबदार असतो. परवानगी दिलेल्या वापरातून होणारी नेहमीची झीज मात्र शाफई मतातही त्याच्या माथी येत नाही. म्हणजे टायर झिजले तर ते मालकाचे.

तुर्कस्तानच्या उस्मानी राजवटीत १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिकहवर आधारित 'मजल्ला' हा कायदेग्रंथ तयार झाला. त्यातील दोन नियम आजच्या गाडीला जसेच्या तसे लागू पडतात. पहिला असा की, मागून आणलेल्या जनावराचा चारा घेणाऱ्यावर. आजच्या भाषेत डिझेल त्याचे. दुसरा असा की, ठरलेल्या ठिकाणासाठी घेतलेले जनावर दुसरीकडे नेले तर मर्यादा ओलांडली गेली आणि नुकसान झाल्यास भरपाई घेणाऱ्यावर. म्हणून चामोर्शीपर्यंत म्हणून घेतलेली गाडी परस्पर नागपूरला नेणे ही नुसती बेअदबी नाही, ती जबाबदारी अंगावर घेणे आहे. प्रत्यक्ष प्रसंग उद्भवला तर आपल्या भागातील आलिमसाहेबांचा सल्ला घ्यावा.

कायदा मालकाकडे का पाहतो

किल्ली दिली म्हणून जबाबदारी दिली जात नाही, हे प्रत्येक गाडीमालकाने पक्के ध्यानात ठेवावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५ सांगते की, वैध लायसन्स नसलेल्या माणसाला मालकाने गाडी चालवू देता कामा नये. दिल्यास कलम १८० खाली मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. दोस्ताने आपल्या १६-१७ वर्षांच्या मुलाच्या हाती स्टिअरिंग दिले तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९-अ पुढे येते. त्यात पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड आणि गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द अशी तरतूद आहे. आपल्याला ठाऊक नव्हते, हे मालकालाच सिद्ध करावे लागते.

अपघात झाला तर न्यायाधिकरणापुढील दाव्यात चालक, मालक आणि विमा कंपनी हे तिघेही प्रतिवादी होतात. दोस्त स्वतःच्या कामासाठी गाडी घेऊन गेला असेल तर मालकाला कायद्यात काही बचाव आहे. गाडी चालवण्याची नुसती परवानगी दिली म्हणजे मालक आपोआप जबाबदार होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली सीताराम मोतीलाल कलाल यांच्या प्रकरणात म्हटले होते. पण तेवढे सिद्ध करण्यासाठी गडचिरोलीच्या न्यायालयात वर्षानुवर्षे तारखा कराव्या लागतील, आणि तोपर्यंत भाजीचा ठेला असो की कापडाचे दुकान, मालकाचे लक्ष धंद्यात राहणार नाही.

यातही एक खाच आहे. १९५३ साली इंग्लंडच्या न्यायालयापुढे एक प्रकरण आले. एका गृहस्थाने आपली मोटार मॉन्टे कार्लोपर्यंत आणून देण्यास मित्राला सांगितले होते. तिथून दोघे मिळून सुट्टीला जाणार होते. वाटेत मोटारीची बसशी टक्कर झाली. प्रवासात मालकाचाही हेतू होता म्हणून न्यायालयाने मालकाला जबाबदार धरले. हाच धागा आपल्या विदर्भातील खटल्यात पुढे आला. १९६० साली नागपूरहून पांढुर्ण्याला जाणारी एका जिनिंग कंपनीची मोटार झाडावर आदळून आत बसलेले गृहस्थ मरण पावले. मोटार कंपनीचे व्यवस्थापक चालवत होते. १९७७ साली पुष्पाबाई उदेशी विरुद्ध रणजित जिनिंग अँड प्रेसिंग कंपनी या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मालक कंपनीला जबाबदार धरले. व्यवस्थापक कंपनीच्या कामाच्या ओघात गाडी चालवत होते, हे त्याचे कारण.

व्यापाऱ्यांनी यातून घ्यायचा धडा साधा आहे. दोस्त गाडी घेऊन चंद्रपूरला निघाला की आपण सहज म्हणतो, "येताना आमचे दोन कट्टे टाकून आण." त्या क्षणी तो प्रवास काही अंशी तुमचाही होतो. गाडी द्यायची तर स्वच्छ द्यावी, तिच्यावर आपले काम लादू नये.

पॉलिसी उघडून वाचा

इंग्लंडमध्ये विमा बहुधा ठराविक चालकांच्या नावाने असतो. मित्राला गाडी द्यायची तर त्याचे नाव आधी पॉलिसीत घालावे लागते. आपल्याकडील खाजगी गाडीच्या पॉलिसीत सहसा वैध लायसन्स असलेली कोणतीही व्यक्ती मालकाच्या परवानगीने गाडी चालवू शकते. ही मोठी सोय आहे, पण तिच्यातील चार छिद्रे पाहून ठेवावीत.

पहिले छिद्र लायसन्सचे. चालकाकडे वैध लायसन्स नसेल तर विमा कंपनी हात वर करू शकते. २००४ च्या स्वर्णसिंग निकालानुसार मालकाने निष्काळजीपणा केला हे कंपनीला सिद्ध करावे लागते. ते सिद्ध झाले तर अपघातग्रस्ताला दिलेली रक्कम कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. म्हणून लायसन्स डोळ्यांनी पाहणे, त्याची मुदत तपासणे आणि त्याचा फोटो ठेवणे हाच मालकाचा उत्तम बचाव.

दुसरे छिद्र आत बसणाऱ्यांचे. पैसे वाचवण्यासाठी पुष्कळ जण जुन्या गाडीची केवळ थर्ड पार्टी पॉलिसी काढतात. तिच्यात रस्त्यावरच्या माणसाची भरपाई असते. खाजगी गाडीत बसलेल्या पाहुण्यांची नसते आणि गाडीच्या स्वतःच्या मोडतोडीचीही नसते. पॅकेज पॉलिसीत आत बसलेल्यांनाही संरक्षण मिळते, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या बालकृष्णन निकालात स्पष्ट केला आहे. म्हणजे वऱ्हाडातील आठ बायका-मुले ज्या गाडीत बसणार, तिची पॉलिसी कोणती हे माहीत असणे हा त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे.

तिसरे छिद्र खुद्द दोस्ताचे, आणि आमच्या मते हेच सर्वांत गंभीर आहे. मालक-चालकासाठी सक्तीचे असलेले १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण नोंदणीकृत मालकाला मिळते, गाडी मागून नेणाऱ्याला नाही. कर्नाटकातील इलकलहून गावी जाणाऱ्या एका माणसाने मोटारसायकल मागून घेतली होती. पुढची बैलगाडी अचानक थांबली, धडक बसली आणि तो गेला. २००९ च्या निंगम्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गाडी मागून घेणारा मालकाच्या जागी उभा राहतो. म्हणून तेव्हाच्या कलम १६३-अ खाली त्या गाडीच्या विमा कंपनीकडून त्याच्या कुटुंबाला भरपाई मागता आली नाही. २०२० साली रामखिलाडी यांच्या प्रकरणात हाच नियम कायम राहिला आणि कुटुंबाच्या हाती पॉलिसीतील अपघात संरक्षणाचे एक लाख रुपये व त्यावरील व्याज एवढेच आले. दोस्ती म्हणून दिलेल्या गाडीत दोस्त गेला तर त्याची बेवा रिकाम्या हाताने परतू शकते, असा याचा अर्थ होतो. विम्याबद्दल उलमांमध्ये चर्चा आहे हे आम्ही जाणतो. थर्ड पार्टी विमा कायद्यानेच सक्तीचा आहे. त्यापुढील संरक्षणाचा निर्णय ज्याने त्याने करावा, परंतु दोस्ताला ही वस्तुस्थिती न सांगता किल्ली देणे योग्य नव्हे. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना बँक खात्यावर उपलब्ध आहे, हेही त्याला सांगावे.

चौथे छिद्र पाण्याचे. पावसाळ्यात आपल्याकडे नाल्यांवरून पाणी वाहते आणि नवखा चालक गाडी त्यात घालतो. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला तर ते कामातून जाऊ शकते. इंजिनाचे वेगळे संरक्षण घेतलेले नसेल तर कंपनी हा खर्च सहसा देत नाही. पुलावर पाणी असेल तर थांबायचे, रात्र झाली तरी थांबायचे, ही अट किल्ली देतानाच सांगावी.

आणखी एक. दोस्ताने गाडी ठोकली आणि विम्याचा दावा केला तर मालकाचा नो क्लेम बोनस जातो. पाच वर्षे दावा नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत वाढलेला असतो. लहानसहान ठोकरीत दावा करण्यापेक्षा गॅरेजचे बिल घेणाऱ्याने भरणे दोघांनाही बरे पडते.

जंगल जिल्ह्याचे धोके

पुण्या-मुंबईच्या वाचकांना पडणार नाहीत अशा काही काळज्या आपल्याला आहेत. आपला तालुका सागवानाचा. चपराळा अभयारण्य शेजारीच आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये महाराष्ट्राने केलेल्या दुरुस्तीनुसार, चोरट्या लाकडाची वाहतूक करणारी गाडी वनखाते सरकारजमा करू शकते. आपल्याला ठाऊक नव्हते आणि आपण सर्व वाजवी खबरदारी घेतली होती, हे दाखवण्याचे ओझे मालकावर असते. दोस्ताच्या चुलत्याने दारे-खिडक्यांसाठी चार पाट्या टाकल्या एवढ्यावरून गाडी डेपोत उभी राहू शकते.

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरची बंदी २०२१ साली उठली, आपली नाही. वऱ्हाडातील एखाद्या हौशी पाहुण्याने सीटखाली बाटल्या ठेवल्या तर पकडली जाणारी गाडी तुमच्या नावाची असेल. आपल्याला दारू हराम. पण गाडी नेणाऱ्याचे पाहुणे कोण आहेत, हे आपण पाहत नसतो. गोवंशाच्या वाहतुकीबाबत २०१५ पासून कायदा कडक झाला असून त्यातही गाडी जप्त होते. म्हणून 'गाडीत काय भरायचे नाही' हे तोंडाने स्पष्ट सांगावे. लाज वाटू देऊ नये.

रस्त्याचीही बात वेगळी. सुरजागडच्या खाणीतून लोहखनिज घेऊन जाणारे ट्रक आलापल्ली-आष्टी मार्गावर धावू लागल्यापासून हा रस्ता नवख्याचा राहिलेला नाही. या रस्त्यावर रात्री कधी चालवली आहे का, एवढे विचारावे.

भाडे घेऊ नका

काही जण म्हणतात, दोस्ताकडून दोन हजार घ्यावेत, म्हणजे कटकट नाही. आमचा याला स्पष्ट विरोध आहे. मोबदला घेतला की व्यवहार आरियतचा राहत नाही, भाड्याचा होतो. खाजगी गाडी भाड्याने चालवायला परमिट लागते. परमिटविना चालवल्यास कलम १९२-अ खाली पहिल्या गुन्ह्याला १० हजार रुपये दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय खाजगी पॉलिसीत भाड्याच्या वापराला संरक्षण नसते. दोन हजारांच्या मोहात लाखोंचे विमा-कवच जाते. ज्यांना हा धंदाच करायचा आहे त्यांनी टॅक्सी परमिट आणि व्यावसायिक पॉलिसी घेऊन उघडपणे करावा. तो हलाल धंदा आहे आणि आपल्या भागात त्याची गरजही आहे. दोस्ताने डिझेल पंपावर स्वतः भरावे, मालकाच्या हाती रोख देऊ नये.

किल्ली देण्यापूर्वी

आमच्या वाचकांनी पुढील गोष्टी कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवाव्यात.

१) कोण चालवणार, ते आधी ठरवा. त्याचे लायसन्स पाहा, मुदत पाहा, फोटो ठेवा. दुसऱ्या कोणाच्या हाती गाडी जाणार नाही, हे कबूल करून घ्या.

२) कुठे जाणार, कधी परतणार, किती माणसे बसणार, हे दोन ओळींत लिहून दोघांनी सही करा. मोबाइलवर संदेश पाठवून उत्तर घेतले तरी चालेल. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण कुरआनने दिली आहे; अमानतीच्या बाबतीत तीच सवय लावण्यात कमीपणा नाही.

३) पॉलिसी, पी.यू.सी. आणि आर.सी. यांची मुदत तपासा. गाडी कोणाकडून विकत घेतली असेल पण आर.सी. अजून जुन्या मालकाच्या नावावर असेल तर ती मुळीच देऊ नका. कागदावर ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या नवीन कुमार निकालात पुन्हा सांगितले आहे. तुमच्या दोस्तामुळे तो बिचारा कोर्टात उभा राहील.

४) देताना दोघांनी मिळून गाडीभोवती फिरा. ओरखडे, टायर, स्टेपनी, जॅक आणि मीटरचा आकडा पाहा. परत घेतानाही तसेच करा.

५) चलान मोबाइलवर मालकालाच येते. ते घेणाऱ्याने भरावे, हे आधीच ठरवा. गाडी त्या वेळी कोण चालवत होता, हे पोलिसांना सांगण्याचे बंधन कलम १३३ खाली मालकावर आहे.

६) शक्य असेल तर आपला माहीतगार चालक सोबत द्या आणि त्याचा रोज दोस्ताने परस्पर त्याला द्यावा. चालकाच्या जबाबदारीचा हप्ता पॉलिसीत भरलेला असावा.

नाही म्हणायचे असेल तेव्हा

दवाखान्याचे काम असेल, बाळंतीण असेल, सर्पदंश असेल, तर वरील यादी बाजूला ठेवावी. १०८ क्रमांकाला फोन लावावा आणि ती गाडी येण्याआधी आपली काढावी. चालक म्हणून स्वतः बसावे. तिथे मुसलमान, गोंड, बंगाली, तेलुगू असा भेद नाही आणि हिशेबही नाही.

सहलीची, हौसेची मागणी असेल आणि मन तयार नसेल तर सरळ सांगावे. "भाई, त्या दिवशी माझा बाजार आहे, गाडी जमणार नाही. पण आष्टीच्या एका परमिटवाल्याशी बोलून देतो." खोटे कारण सांगू नये. गाडी बिघडली आहे असे सांगून दुसऱ्या दिवशी तीच गाडी बाजारात दिसली, तर नकारापेक्षा खोटेपणाच जास्त दुखावतो. गाडी मागणाऱ्यानेही समजून घ्यावे की, आरियत ही देणाऱ्याची मेहरबानी आहे, आपला हक्क नव्हे.

मुलचेऱ्यासारख्या ठिकाणी माणसे एकमेकांच्या आधारावर जगतात. गाडी कधीच कोणाला न देणारा व्यापारी इथे टिकत नाही. कोणालाही, कशीही देणाराही टिकत नाही. लायसन्स पाहून, दोन ओळी लिहून आणि पॉलिसीत काय नाही ते दोस्ताला सांगून जो किल्ली देतो, त्याने धंदाही राखला, दोस्तीही राखली आणि अमानतीचा हकही अदा केला. ज्यांची पॉलिसी कपाटात वर्षभर न वाचता पडून आहे, त्यांनी ती आज इशाच्या नमाजनंतर काढून वाचावी, एवढीच आमची विनंती.